साहेब, एकवीस हजारांत कोणाचं घर चालतं?

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतील २१,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेबाबत.

महोदय,

आधी हिशोब मांडतो. २१,००० भागिले बारा, महिन्याला १,७५०. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. घरात पाच माणसं असली तर माणशी साडेअकरा रुपये. एवढ्यात आमच्या स्टँडवर चहा येतो, सोबतचा बिस्किटाचा पुडा येत नाही. यापेक्षा एक रुपया जास्त कमावणारं घर आपल्या विभागाच्या लेखी निराधार नाही.

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. निराधारचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मी कोणत्या पक्षाचा नाही, कोणत्या संघटनेचाही नाही. पण रोज एकाच माणसाचे चार-पाच वेगवेगळ्या योजनांचे कागद हातातून गेले की जे दिसतं, ते एकेका टेबलाच्या साहेबाला दिसत नसावं. म्हणून हे पत्र.

याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली आणि पुढे देशाने तोच धागा उचलला. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एखाद्या कुटुंबाने वर्षात ६७ दिवस काम केलं तर हातात २०,९०४ रुपये पडतात. ६८व्या दिवशी फावडं उचललं की होतात २१,२१६, आणि कुटुंब मर्यादेबाहेर. शासनाने स्वतः हमी दिलेले शंभर दिवस एखाद्या बाईने पूर्ण भरले, तर त्याच शासनाच्या दुसऱ्या खात्यात तिच्या सासूचं श्रावणबाळ, म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, बसत नाही. सासू सुनेच्या घरात राहते ना, मग कुटुंबाचं उत्पन्न तेच. एक खातं काम करा म्हणतं, दुसरं काम केलंत म्हणून नाव काढतं. यात मजुरीच्या दराची चूक नाही. मर्यादा अशा ठिकाणी अडकली आहे की जिथे कोणतीही प्रामाणिक मजुरी तिला ओलांडून जाते.

बरं, सरकारी दारिद्र्यरेषेशी तरी तिचा मेळ आहे का? तोही नाही. नियोजन आयोगाने सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ सालासाठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची दारिद्र्यरेषा माणशी महिना ९६७ रुपये धरली होती, शहरी भागाची १,१२६. पाच माणसांच्या खेड्यातल्या घराला ती वर्षाला ५८,०२० रुपये पडते. ही तीच पद्धत, जिच्यावरून २०११ साली शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपयांचं प्रतिज्ञापत्र आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिलं आणि देशभर त्याची टिंगल झाली. टिंगल झालेली ती रेषासुद्धा आपल्या मर्यादेच्या पावणेतीन पट आहे, आणि तिला आता दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. त्या काळात शेंगदाणा तेल, गॅसची टाकी, एसटीचं तिकीट कुठून कुठे गेलं, ते आपल्याला मी सांगायला नको.

दारिद्र्यरेषेचं गणित पुण्यातल्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ज्या पद्धतीने मांडलं, ते माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो यावरून. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. देशात उपाशी किती हे मोजण्यासाठी ती रेषा होती. अमक्या बाईचा अर्ज ठेवायचा की फेकायचा, हे ठरवायला ती नव्हती. मोजणीच्या रेषेवर थोडं इकडे-तिकडे झालं तर आकडा थोडा चुकतो. छाननीच्या रेषेवर तेवढंच इकडे-तिकडे झालं तर एका घराचं महिन्याचं १,५०० रुपये अनुदान शून्य होतं. २१,००० ला पूर्ण अनुदान, २१,००१ ला काहीच नाही, मधला टप्पा नाही. घराच्या उत्पन्नात एका रुपयाची भर पडली की वर्षाचे १८,००० गेले. असा कर कोणत्या करोडपतीलाही लागत नाही.

अनुदान वाढलं, हे कबूल. ६०० चे १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले. दिव्यांगांना आता २,५०० आहेत आणि त्यांच्यासाठी मर्यादाही ५०,००० केलीत, त्याबद्दल आभारच. पण विधवा, म्हातारी माणसं, परित्यक्ता यांच्यासाठी ६०० रुपये मिळायचे तेव्हाही २१,००० होते आणि आज १,५०० मिळतात तेव्हाही २१,०००. ज्या अधिकाऱ्यांनी अनुदान वाढवायची फाइल वर पाठवली, त्यांना त्याच फाइलमध्ये मर्यादेची ओळ दिसली नसेल असं मला वाटत नाही. मर्यादा तशीच ठेवणं हा खर्च आवरायचा न बोललेला मार्ग असतो. दरवर्षी महागाई वाढते, मजुरी थोडी वाढते, आणि कुणाचंही नाव न काढता, कुठलाही शासन निर्णय न काढता, पात्र माणसं आपोआप कमी होतात. कुणाच्या सहीची गरज लागत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मात्र जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ग्राहक किंमत निर्देशांक बघून ठरतो. तो मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही. माझा एक भाऊ शिक्षक आहे, घरी भांडण नको. एवढंच विचारतो की निर्देशांक कर्मचाऱ्याला लागू होतो, तो निराधाराला का नाही?

आता मर्यादा एवढी खाली असताना लाभार्थी मिळतात तरी कुठून, असं आपण विचाराल. ते कसे मिळतात हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, मंत्रालयातही असणार. 'एकवीस हजाराचा दाखला' ही आमच्याकडे एक स्वतंत्र वस्तू आहे. माणूस येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, एकवीसचा दाखला काढायचाय.’ उत्पन्न किती हे सांगत नाही, दाखला कितीचा पाहिजे ते सांगतो. स्वयंघोषणापत्रावर सही होते, माहिती खोटी निघाल्यास खटला भरला जाईल ही ओळ कुणी वाचत नाही. गावचे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, रकाना तोच) अहवालात १९,००० किंवा २०,००० लिहितात. कारण खरं लिहिलं तर गावातलं एकही प्रकरण बसणार नाही आणि उद्या चावडीवर म्हातारी माणसं त्यांनाच धरतील. त्या माणसाला मी दोष देत नाही. एक अट अशी आहे की जी पाळायची तर योजना बंद पडते आणि योजना चालवायची तर खोटं लिहावं लागतं. तलाठी दुसरी वाट धरतात, आणि माणुसकीची तीच आहे.

पण खोट्याला ओळख लागते. खरी अडचण तिथे सुरू होते. सरपंचाच्या घरी येणं-जाणं असेल, प्रकरणं मंजूर करणाऱ्या समितीतल्या कुणाचा फोन गेला असेल, तर एकवीस बसतात. ज्याचं कुणी नाही, त्याला खरं उत्पन्न विचारलं जातं.

एक प्रकरण सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. एक बाई शेतमजूर, नवरा हमाली करायचा. मुलगी बारावी झाली, तिच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला लागला. त्या योजनेची मर्यादा अडीच लाख, मग कमी सांगायचं कारणच नव्हतं. नवऱ्याचं आणि तिचं मिळून ४८,००० सांगितले, तेवढ्याचा दाखला निघाला. पुढच्या वर्षी नवरा वारला. तिने निराधारचा अर्ज केला. अहवालासाठी गेली तर उत्तर मिळालं, ‘बाई, मागच्या वर्षी अठ्ठेचाळीस दिलाय, आता एकवीस कसा देऊ? वर विचारलं तर माझी नोकरी जाईल.’ ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, कमावता माणूसच गेला.’ ‘मग तुमची मजुरी किती होते?’ तिने प्रामाणिकपणे सांगितलं, खुरपणीला तीनशे रोज, वर्षात शे-सव्वाशे दिवस काम लागतं. ३०,००० च्या वर गेलं. दाखला खरा निघाला आणि अर्ज त्रुटीत पडला. तिच्या पलीकडच्या गल्लीतल्या एकाच्या घरी दोन म्हशी आणि मोटरसायकल, त्याच्या आईचं प्रकरण मंजूर. त्याची आईही म्हातारीच आहे, तिला मिळू नये असं मी म्हणत नाही. पण या अटीने निवड कुणाची केली ते बघा. जिने खरं सांगितलं, ती बाहेर राहिली.

एकच बाई दर खिडकीला वेगवेगळी निघते, तेही सांगतो. समजा वरच्या बाईसारखंच दुसरं एक घर, वर्षाला ६०,००० कमावणारं. पिवळ्या रेशनकार्डाची मर्यादा १५,०००, ती १ मे १९९९ ला तीन रंगांची कार्डं आली तेव्हापासून तिथेच आहे. हे घर त्यात बसत नाही. स्वस्त धान्याच्या ‘प्राधान्य कुटुंब’ यादीची मर्यादा खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००, त्यातही बसत नाही; आणि बसलं असतं तरी ‘इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा) संपला’ हे उत्तर तयार असतं, कारण राज्याच्या सात कोटींच्या इष्टांकाला पाया २०११ च्या जनगणनेचा. केशरी कार्ड मिळतं. शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के जागांना दुर्बल घटकासाठी मर्यादा एक लाख, तिथे तिचा मुलगा बसतो. धर्मादाय रुग्णालयात १,८०,००० पर्यंतचं घर निर्धन, तिथे मोफत उपचार. लाडक्या बहिणीला अडीच लाख. नॉन-क्रीमी लेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाला आठ लाख. म्हणजे आजारी पडली की ती निर्धन, पोराला शाळेत घालायचं तर दुर्बल, मतदार म्हणून लाडकी, आणि नवरा मेल्यावर आपल्या खात्यात मात्र ऐपतदार! प्रत्येक योजनेची मर्यादा सारखीच असावी असा माझा हट्ट नाही. शिष्यवृत्ती वेगळी, पेन्शन वेगळी. पण ज्या योजना सगळ्यात खालच्या माणसासाठी आहेत, त्यांचीच मर्यादा सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक असावी, हे उलटं आहे.

लाडक्या बहिणीचं नाव निघालंच आहे तर पुढचं बोलतो. ते खातं महिला व बालविकासचं, मंत्री वेगळे, हे मला माहीत आहे; आजीला ते माहीत असायचं कारण नाही. ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना १,५०० देते, कुटुंबाच्या अडीच लाखांच्या मर्यादेत. आपली श्रावणबाळ योजना पासष्टच्या पुढच्यांना तेवढेच १,५०० देते, २१,००० च्या मर्यादेत. आता चौसष्ट वर्षांच्या, केशरी कार्डावरच्या बाईची कल्पना करा. मुलगा वाहनचालक, घराचं उत्पन्न लाखाच्या आसपास. तिला आज पैसे येतात. पासष्टी ओलांडली की वयात बसत नाही म्हणून तिकडून नाव जाईल आणि उत्पन्नात बसत नाही म्हणून इकडे लागणार नाही. गुडघे चालतात, खुरपं धरता येतं, तोवर पैसे. गुडघे गेले की बंद. दोन्ही योजना एकाच राज्याच्या तिजोरीतून जातात. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. दोन खात्यांनी एकमेकांचे शासन निर्णय वाचले नाहीत, एवढंच. पण ही वेळ दर महिन्याला कुणा ना कुणा बाईवर येत राहणार आहे, आणि तो फॉर्म घेऊन ती माझ्याच दुकानात येणार आहे.

पासष्टच्या आतल्या विधवांनी आपल्यापुरता मार्ग काढला. निराधारच्या दाखल्यामागे फिरण्यापेक्षा त्यांनी लाडकी बहीण भरली, कारण तिथे पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नव्हते. राहिले कोण? म्हातारे पुरुष, आणि पासष्टच्या पुढच्या बायका. सत्तर वर्षांच्या सालगड्याला लाडकी बहीण नाही, रोजगार हमीवर त्याला कुणी घेत नाही, आणि मुलाने ऊसतोडीत उचल घेतलेली असते म्हणून घराचं ‘उत्पन्न’ जास्त दिसतं. उचल हे कर्ज आहे, ते अंगावर चढतं. तरी चावडीवर हिशोबाला ते कमाई म्हणून धरलेलं मी पाहिलं आहे.

केंद्राच्या योजनांबद्दल थोडक्यात, कारण तो आपला एकट्याचा विषय नाही. वृद्धांसाठी केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये, तो २००७ पासून तेवढाच. त्यासाठी आणि कर्ता माणूस गेल्यावर एकदाच मिळणाऱ्या २०,००० साठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. ती यादी २००२ च्या पाहणीची. त्यानंतर लग्न होऊन वेगळं निघालेल्या कुटुंबाचा त्यात नंबरच नाही. असला तर सासऱ्याच्या नावावर. २००२ साली जो पाचवीत होता, तो आज वारला तर त्याच्या बायकोला विचारतात, यादीत तुमचं नाव कुठाय? राज्याने आपल्या पातळीवर या जुन्या यादीऐवजी दुसरा पुरावा धरावा असा पाठपुरावा केंद्राकडे करणं आपल्या हातात आहे.

आपले वित्त खाते काय म्हणेल ते मला ऐकू येतं. मर्यादा वाढवली तर अर्जांचा पूर येईल, ऐपत असलेले घुसतील, तिजोरीवर भार पडेल. अर्ज वाढतील, हे खरंच आहे, त्यावर पांघरूण घालत नाही. पण ऐपत असलेले आताही घुसतातच. २१,००० च्या अटीने त्यांना अडवलं नाही. लाडक्या बहिणीत पुरुष आणि सरकारी कर्मचारीही निघाले. ते दाखल्यांच्या तपासणीने नाही, दुसऱ्या सरकारी नोंदींशी यादी ताडून पाहिल्यावर निघाले. गाळायचं असेल तर त्याच नोंदींनी गाळा. घरात कुणी आयकर भरतो का, सरकारी नोकरी किंवा पेन्शन आहे का, चारचाकी आहे का, हे आपल्या संगणकाला आधारवरून कळतं. मजूर बाईची वर्षाची कमाई मात्र कोणत्याही संगणकात नाही, ती तलाठ्याच्या पेनात आहे. जे मोजताच येत नाही, त्यावर सगळी पात्रता टांगून ठेवण्यात अर्थ काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून रेशनकार्डाचा रंगच बघायचा नाही असं राज्याने ठरवलं. दवाखान्यासाठी हे जमतं, तर पासष्टच्या पुढच्या माणसाच्या १,५०० रुपयांसाठी जमायला हरकत नसावी.

म्हणून माझं मागणं असं आहे. विधवा, परित्यक्ता आणि पासष्टच्या पुढची माणसं यांना उत्पन्नाचा दाखला मागणं बंद करावं आणि आयकर, सरकारी नोकरी-पेन्शन, चारचाकी एवढ्याच अटी ठेवाव्यात. हे एकदम जमणार नसेल तर निदान लाडक्या बहिणीची मर्यादा श्रावणबाळला लावावी आणि पासष्ट ओलांडणाऱ्या बाईचं नाव नवा अर्ज न मागता एका यादीतून दुसऱ्या यादीत जावं. आधार, खातं, केवायसी सगळं शासनाकडे आहेच. तेही नको असेल, मर्यादा ठेवायचीच असेल, तर ती शासन निर्णयात आकड्याने लिहू नका. रोजगार हमीच्या मजुरीच्या अमुक इतक्या दिवसांएवढी, असं लिहा. मजुरीचा दर दरवर्षी बदलतो, मर्यादा आपोआप सरकेल आणि दर पाच-दहा वर्षांनी आमच्यासारख्यांना पत्र लिहावं लागणार नाही. मर्यादेच्या थोडं वर असलेल्याला निम्मं अनुदान द्यावं की नाही, हे आपले तज्ज्ञ ठरवू शकतील. मला वाटतं द्यावं.

तोवर एक लहान गोष्ट आजच्या आज करता येते, तिला एक पैसा लागत नाही. दुसऱ्या योजनेसाठी काढलेला जुना दाखला निराधारच्या प्रकरणात आडवा आणू नये, आणि कर्ता माणूस गेल्यानंतर फक्त मागे राहिलेल्यांचंच उत्पन्न धरावं, असं एक परिपत्रक सगळ्या तहसीलदारांना पाठवावं. त्या बाईचा त्रुटीतला अर्ज अजून कचेरीत आहे.

या पत्राचं उत्तर टपालाने नाही आलं तरी चालेल. शासन निर्णय निघाला की संकेतस्थळावर टाका, दुकान उघडलं की मी पहिल्यांदा तेच पान बघतो.

आपला नम्र,
तहसील कचेरीसमोरचा एक अर्ज भरणारा